फ्रेम कापायला आपल्याला येत होती, ऑर्डर नव्हती

परवा संध्याकाळी शेडमध्ये कानस मारत बसलो होतो. शेजारचे काका दारात येऊन उभे राहिले. व्हाइसमध्ये धरलेल्या दोन पट्ट्या बघून म्हणाले, "वाफेच्या इंजिनाचं मॉडेल करताय म्हणे? चाकं कुठायत? बॉयलर कुठाय?" म्हटलं, काका, इंजिन इथनंच सुरू होतं. जाताजाता ते नेहमीचं वाक्य टाकून गेले, "काही म्हणा, इंग्रज होते म्हणून इंजिनं आली. आपल्याला कुठं जमलं असतं!"

हे वाक्य आपल्या कुर्डुवाडी-बार्शीकडं सगळ्यांनी ऐकलंय. आज त्याचं उत्तर सावकाश देतो, आणि सुरुवात ह्या पट्ट्यांपासूनच करतो.

माझं मॉडेल पाच इंच गेजचं आहे, सहा चाकांचं. त्याची फ्रेम म्हणजे तीन मिलिमीटर जाडीच्या माइल्ड स्टीलच्या दोन लांब पट्ट्या, एक डावी, एक उजवी. इंजिनाचा सांगाडा तोच. सिलिंडर त्याला बोल्ट होतात, चाकांचे आस त्याच्या खाचांत बसतात, दांड्याचा प्रत्येक हिसका तोच सोसतो. बॉयलरसुद्धा फक्त पुढच्या टोकाला पक्का बांधतात, मागचं टोक थोडं सरकतं ठेवतात, कारण तापल्यावर बॉयलर लांबतो, फ्रेम तेवढी लांबत नाही.

म्हणून दोन्ही पट्ट्या तंतोतंत सारख्या लागतात. पहिल्या वेळी मी शहाणपणा करून दोन्ही वेगवेगळ्या आखल्या आणि वेगवेगळ्या ड्रिल केल्या. भोकांत जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा फरक पडला. पण आस तिरका बसला, चाक अर्धा फेरा फिरून अडकायचं. जोडी भंगारात गेली. आता जुन्या फिटर लोकांची रीत धरली: दोन्ही पट्ट्या आधी रिवेटनं एकत्र जोडायच्या, एकावरच आखणी करायची, आणि कापणं, कानसणं, भोकं पाडणं सगळं एकदम. शेवटी रिवेट काढले की जुळी भावंडं हातात. मोठ्या कारखान्यांतही हीच युक्ती होती. फ्रेमच्या प्लेटांची चळत रचून सगळ्या एकत्र मशीनवर कापत.

आता प्रश्न असा, की हे काम आपल्या लोकांना येत नव्हतं का?

1853 ला बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली तेव्हा इंजिनं इंग्लंडच्या व्हल्कन फाउंड्रीतून आली होती. ते समजण्यासारखं आहे, सुरुवात होती. पण 1895 साली अजमेरच्या वर्कशॉपमध्ये मीटर गेजचं एफ-734 हे इंजिन तयार झालं. भारतात बांधलेलं पहिलं इंजिन म्हणून ते ओळखलं जातं. आज ते दिल्लीच्या रेल्वे संग्रहालयात आहे. हे वर्कशॉप चालवणाऱ्या बीबीसीआय कंपनीचा कारभार आपल्या मुंबईतून चालायचा. पाठोपाठ 1899 ला बिहारमधल्या जमालपूरनं 'लेडी कर्झन' बांधलं. म्हणजे हात होते, यंत्रं होती, डोकंही होतं.

तरी स्वातंत्र्यापर्यंत भारतात बनली फक्त सुमारे सातशे इंजिनं. ब्रिटनमधून आली बारा हजारांहून जास्त. हा फरक कौशल्याचा कसा म्हणायचा?

पुढची गोष्ट जास्त बोलकी आहे. 1921 ला सिंघभूममध्ये, जमशेदपूरजवळ, पेनिन्सुलर लोकोमोटिव्ह कंपनी निघाली. सरकारनं भरवसा दिला होता, की इंजिनांची टेंडरं भारतातही काढू. कारखाना उभा राहिला. ऑर्डरी काही आल्या नाहीत. 1924 ला टॅरिफ बोर्डाकडं संरक्षण मागितलं, तेही मिळालं नाही. कारण दिलं, देशाची गरजच एवढी नाही. आणि त्याच काळात इंग्लंडहून इंजिनं येतच होती! शेवटी सरकारनंच तो कारखाना विकत घेतला आणि डब्यांच्या खालचे सांगाडे बनवायला लावला. 1945 ला तो टाटांकडं गेला. तीच पुढची टेल्को, जिनं नंतर मीटर गेजची इंजिनं बांधली. 1950 मध्ये चित्तरंजनमधून 'देशबंधू' बाहेर पडलं. ज्या हातांना जमणार नाही म्हणत होते, त्याच देशात वीस वर्षांत एकट्या चित्तरंजननं दोन हजारांवर वाफेची इंजिनं बांधली.

आपल्या बार्शी लाइटचंही तेच. 1897 ला बार्शी-कुर्डुवाडी गाडी सुरू झाली, इंजिनं लीड्सच्या किटसन कारखान्याची. पुढं आपल्या कुर्डुवाडीच्या वर्कशॉपमध्ये आपल्याच माणसांनी पिढ्यानपिढ्या इंजिनं उघडली, दुरुस्त केली, पुन्हा जोडली. घराघरात फिटर होते. जो माणूस दुसऱ्याच्या इंजिनाचा आस सरळ करू शकतो, त्याला स्वतःची फ्रेम कापता येणार नाही, हे मला तरी पटत नाही.

इंग्रजांचं श्रेय नाकारायचं नाही. ह्या फ्रेमच्या रीतीही तिकडूनच आल्या, मी त्याच शिकलो. पण शिकवणं आणि बनवू देणं ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. म्हणूनच आजही कुणी 'आपल्याकडं बनवू' म्हणून भाषण ठोकलं, की मी एकच विचारतो: ऑर्डर कुणाला, किती, आणि किती वर्षांसाठी? कारखाना इमारतीनं उभा राहत नाही, हातात सतत काम असलं तर राहतो. काम तुटलं की दहा वर्षांत हात विसरतात. आपल्या गावात हे समजवायला दूर जायला नको.

काल फ्रेम जोडून काचेवर ठेवली. चारी कोपरे टेकले, कुठंच डुगडुगली नाही. काका पुन्हा आले होते. बोटानं दाबून बघितली आणि म्हणाले, "माझे वडील वर्कशॉपमध्येच होते. त्यांची कानस अजून घरात आहे. देऊ का?"

म्हटलं, द्या काका. उद्याच द्या.