वजन कमी करण्याची इंजेक्शनं: कोणाला, किती दिवस आणि किती खर्चात?

रील बघता बघता एखादा तरी व्हिडिओ असा येतोच: आठवड्याला एक सुई आणि तीन महिन्यांत पोट सपाट. मौंजारो, वेगोव्ही, ओझेम्पिक ही नावं आता मुंबई-पुण्यापुरती राहिलेली नाहीत. नांदेड जिल्ह्यातल्या नायगावसारख्या तालुक्याच्या गावातही ती मोबाईलमधून घरात पोचली आहेत. औषधं खरी आहेत, त्यांचा परिणामही खरा आहे. पण ती कोणाला द्यायची, कधीपर्यंत घ्यायची आणि सोबत काय सांभाळायचं, हे त्या व्हिडिओत नसतं. ते इथे बघू.

आधी दीक्षित डाएट, मग इंजेक्शन?

वजन कमी करण्याची चर्चा मराठवाड्याला नवीन नाही. लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात प्राध्यापक राहिलेले डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी दिवसातून दोनच वेळा जेवा आणि ४५ मिनिटं चाला, असं सांगितलं आणि ते गावोगाव पोचलं. २०१८ मध्ये राज्य सरकारने त्यांना स्थूलताविरोधी मोहिमेचे ब्रँड अँबॅसिडर केलं. या पद्धतीवर आहारतज्ज्ञांत मतभेद आहेत, पण एक गोष्ट तिने साधली: पोट सुटणं हा खात्यापित्या घराचा मान नसून आजाराची सुरुवात असू शकते, हे लोकांना पटलं.

तरीही काहींचं वजन उतरत नाही, किंवा उतरून परत चढतं. याला केवळ आळस म्हणणं चुकीचं आहे. वजन घटलं की शरीर भूक वाढवतं आणि ऊर्जा वाचवायला लागतं. औषधाचा उपयोग इथे होतो.

औषध करतं काय?

जेवल्यावर आपल्या आतड्यातून जीएलपी-१ नावाचं संप्रेरक सुटतं. ते मेंदूला ‘पोट भरलं’ असं कळवतं. शरीरातलं हे संप्रेरक काही मिनिटांत नाहीसं होतं, औषधातला त्याचा जोडीदार आठवडाभर टिकतो. वेगोव्ही आणि ओझेम्पिकमध्ये सेमाग्लुटाईड असतं. मौंजारोमधलं टिर्झेपेटाईड आणखी एका संप्रेरकाचंही काम करतं. (या गटातलं पहिलं औषध २००५ मध्ये आलं, आणि त्याचा धागा अमेरिकेतल्या एका विषारी सरड्याच्या लाळेत सापडला होता!)

२०२१ च्या मोठ्या चाचणीत सेमाग्लुटाईड घेणाऱ्यांचं वजन ६८ आठवड्यांत सरासरी सुमारे १५ टक्के घटलं. म्हणजे ९० किलोच्या माणसाचे साधारण साडेतेरा किलो. टिर्झेपेटाईडच्या सर्वांत मोठ्या डोसवर ७२ आठवड्यांत ही घट सुमारे २१ टक्के होती. दोन्ही गटांना आहार-व्यायामाचा सल्ला दिलेला होता आणि लागलेला काळ सव्वा वर्षाच्या वर होता. ‘तीन महिन्यांत’ वाली भाषा इथेच पडते.

ऑर्लिस्टॅट नावाची जुनी कॅप्सूलही मिळते. ती जेवणातलं काही तेल-तूप पचू देत नाही. फायदा बेताचा, आणि तेलकट जुलाबाचा त्रास वेगळा.

कोणासाठी आहे?

लठ्ठपणासाठी ही इंजेक्शनं साधारणपणे बीएमआय ३० किंवा जास्त असेल तर, किंवा २७ च्या वर असून सोबत शुगर, बीपी, कोलेस्टेरॉलसारखा आजार असेल तर देतात. बीएमआय काढायला किलोतलं वजन मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागायचं. लग्नाआधी पाच किलो कमी करायचे म्हणून ही औषधं नाहीत.

स्वतःला किंवा घरात कोणाला मेड्युलरी प्रकारचा थायरॉईड कॅन्सर झाला असेल, तर ही औषधं टाळतात. स्वादुपिंडाला सूज येऊन गेली असेल, पित्ताशयात खडे असतील किंवा शुगरमुळे डोळ्याच्या पडद्याला त्रास असेल, तर डॉक्टरांना आधी सांगावं. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी घेऊ नये. मूल हवं असेल तर सेमाग्लुटाईड किमान दोन महिने आधी बंद करावं लागतं. टिर्झेपेटाईडमुळे गर्भनिरोधक गोळीचा असर कमी होऊ शकतो, हे फार कमी जणींना सांगितलं जातं.

पैशाचा हिशेब

मार्च २०२५ मध्ये मौंजारो भारतात आलं तेव्हा २.५ मिलिग्रॅमच्या एका कुपीची किंमत ३,५०० रुपये होती आणि ५ मिलिग्रॅमची ४,३७५. आठवड्याला एक धरली तर महिन्याला १४,००० ते १७,५०० रुपये. सेमाग्लुटाईडच्या भारतातल्या पेटंटची मुदत मार्च २०२६ पर्यंतची, त्यामुळे त्यानंतर भारतीय कंपन्यांची स्वस्त औषधं यायची वाट मोकळी होते.

स्वस्त झालं तरी हिशेब महिन्याचा नको, वर्षांचा करा. औषध बंद केल्यावर वर्षभरात, घटलेल्या वजनापैकी सुमारे दोनतृतीयांश परत आलं, असं सेमाग्लुटाईडच्या चाचणीत दिसलं. बीपीची गोळी सोडली की बीपी वाढतं, तसंच हे. म्हणून सोयाबीन विकून आलेल्या पैशात चार महिने घ्यायचं आणि मग बघू, हा बेत माझ्या मते सगळ्यात वाईट. तेवढ्या पैशात नीट तपासण्या आणि शुगर-बीपीची नियमित औषधं होतात.

उन्हाळा, उपवास आणि शुगरची गोळी

शहरातल्या लेखांत हा भाग सापडत नाही, आणि आपल्याकडे गडबड इथेच होते.

इंजेक्शन २ ते ८ अंशांत ठेवायचं असतं. बाहेर ते काही आठवडेच टिकतं, तेही ३० अंशांच्या आत. मे महिन्यात पारा ४२ च्या पुढे असतो आणि लाईट जाते. त्यामुळे नांदेडहून गाडीच्या डिक्कीत किंवा एसटीत पिशवीतून आणलेलं औषध घरी येईपर्यंत बिघडलेलं असू शकतं. बर्फ घातलेल्या डब्यातून आणा, पण औषध थेट बर्फाला लावू नका. गोठलेलं औषध फेकावंच लागतं.

पहिल्या आठवड्यांत मळमळ, उलटी, जुलाब किंवा बद्धकोष्ठता होते. म्हणून डोस हळूहळू वाढवतात. उन्हात शेतात राबणाऱ्याला उलट्या-जुलाब झाले आणि तहानही मंदावली, तर शरीरातलं पाणी कमी होऊन किडनीवर ताण येतो.

आता उपवास. ग्लिमेपिराईडसारखी शुगरची गोळी किंवा इन्सुलिन चालू आहे, त्यात हे इंजेक्शन, त्यात नवरात्र, एकादशी किंवा रोजा. अशा वेळी शुगर एकदम खाली येऊ शकते. घाम, हातपाय थरथरणं, डोळ्यांपुढे अंधारी आली तर उपवास मोडून लगेच साखर घ्यायची. जुन्या गोळीचा डोस कमी करायचा का, हे इंजेक्शन सुरू करतानाच विचारा.

भूक कमी झाली की आपल्याकडे आधी वरण सुटतं आणि चहा-बिस्किट राहतं. मग चरबीबरोबर स्नायूही झडतात. जेवताना पिठलं, मटकीची उसळ, दही, अंडं आधी खा, भाकरी नंतर. वजन उचलण्याचा थोडा व्यायामही हवा.

यांपासून लांब राहा

वजन उतरवणारी ‘आयुर्वेदिक’ पावडर किंवा चहा फार लवकर असर करत असेल तर संशय घ्या. सिब्युट्रामाईन हे औषध हृदयाच्या धोक्यामुळे भारतात २०११ मध्ये बंद झालं, पण अशा उत्पादनांत ते लपवून घातल्याचं अनेक देशांत सापडलं आहे. थायरॉईडचा आजार नसताना वजनासाठी थायरॉईडची गोळी घेणं हृदयाला आणि हाडांना महागात पडतं. बनावट ओझेम्पिकबद्दल जागतिक आरोग्य संघटनेने जून २०२४ मध्ये इशारा दिला होता. म्हणून बिल आणि बॅच नंबर नसलेलं इंजेक्शन घेऊ नका. आणि १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरात कायद्यानुसार लठ्ठपणा बरा करण्याची जाहिरात करणंच गुन्हा आहे.

कुठे जायचं?

वजन, बीपी आणि शुगरची पहिली तपासणी जवळच्या सरकारी दवाखान्यात होते. औषधाचा निर्णय फिजिशियन किंवा हार्मोनतज्ज्ञाने घ्यायचा. नायगावहून त्यासाठी बहुधा नांदेडच गाठावं लागतं. विष्णुपुरीला डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे. जाताना चालू गोळ्यांची पाकिटं सोबत न्या, गुडघेदुखीसाठी घेतलेल्या बिननावाच्या पुड्यासुद्धा. त्यांत स्टेरॉईड असेल तर वजन वाढण्याचं कारण तेच निघू शकतं.

इंजेक्शन चालू असताना पोटात असह्य दुखून कळ पाठीकडे गेली आणि उलट्या थांबेनात, तर पुढची सुई घेऊ नका. सकाळची वाट न बघता त्याच रात्री दवाखाना गाठा.