नावेचं नाव



आपल्या मराठीत एक गंमत आहे. 'ते नाव' म्हणजे ज्याने हाक मारायची ते, आणि 'ती नाव' म्हणजे जिच्यात बसून पाणी पार करायचं ती. लिहायला दोन्ही सारखेच. आज या दोन्हींबद्दल लिहिते आहे, म्हणजे नावेच्या नावाबद्दल.

निमित्त घरातलंच आहे. सातवीतली माझी नात शाळेच्या हस्तलिखितासाठी एक गोष्ट लिहिते आहे. त्यात माणसं अंतराळयानात बसून दूरच्या ताऱ्याकडे निघतात आणि त्या यानाला तिला "अर्थ असलेलं" नाव हवं आहे. आजोबांनी लगेच 'पुष्पक' सुचवलं, सुनेने दोन इंग्रजी नावं काढली, मुलाने मोबाइलवर यादीच शोधून दिली. नावं सगळी छान होती. पण छान नाव आणि अर्थ असलेलं नाव यांत फरक असतो, आणि तो समजायला आपल्या रायगडच्या किनाऱ्याइतकी चांगली शाळा नाही.

थळच्या किनाऱ्यावर उभं राहिलं की समोर दोन बेटं दिसतात, खांदेरी आणि उंदेरी. १६७९ मध्ये शिवाजी महाराजांनी खांदेरीवर किल्ला बांधायला घेतला तेव्हा मुंबईच्या इंग्रजांच्या डोळ्यांत ते बेट खुपायला लागलं. मायनाक भंडारी आणि त्यांची माणसं बेटावर तटबंदी उभारत होती, आणि इंग्रजांची जहाजं त्यांची रसद तोडायला टपून बसली होती. आपल्या लहान होड्या तरीही रात्री-अपरात्री सामान पोचवत राहिल्या. शेवटी १६८० च्या सुरुवातीला इंग्रजांनी माघार घेतली आणि बेट मराठ्यांकडेच राहिलं.

या बेटाचं नाव आपल्या नौदलाने १९६८ मध्ये एका पाणबुडीला दिलं. ती 'खांदेरी' १९८९ मध्ये निवृत्त झाली. मग २८ सप्टेंबर २०१९ रोजी मुंबईच्या माझगाव डॉकमध्ये बांधलेली नवी पाणबुडी नौदलात दाखल झाली, तिचंही नाव 'खांदेरी'च. आरमारात ही रीतच आहे. जहाज निवृत्त होतं, नाव निवृत्त होत नाही. आजोबांचं नाव नातवाला ठेवतात तसंच हे.

अलिबागचे कान्होजी आंग्रे यांचंही तसंच. इंग्रजांच्या कागदांत ते 'समुद्री चाचे', आणि आपल्याकडे छत्रपतींनी सरखेल केलेले आरमारप्रमुख. मुंबईतल्या नौदलाच्या ज्या तळाला पूर्वी डलहौसीचं नाव होतं, त्याला १९५१ मध्ये 'आंग्रे' हे नाव मिळालं. भिंती त्याच राहिल्या, पण आठवण कोणाची जपायची हे ठरवणारे बदलले होते.

आता एक दुःखाची गोष्ट, जी या किनाऱ्यावरच्या घरांना सांगायला लागत नाही. परक्या कंपन्यांच्या बोटींना उत्तर म्हणून कोकणात एक स्वदेशी कंपनी निघाली होती. लोक तिला प्रेमाने 'माझी आगबोट कंपनी' म्हणत. तिच्या बोटींची नावं होती जयंती, तुकाराम, रामदास. प्रवाशाला पाऊल टाकताना आपलं वाटावं, धीर यावा, म्हणून तुकाराम, रामदास अशी संतांची नावं. पण जयंती आणि तुकाराम या दोन्ही बोटी १९२७ च्या नोव्हेंबरमधल्या वादळात बुडाल्या. आणि १७ जुलै १९४७ रोजी सकाळी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली 'रामदास' काश्याच्या खडकाजवळ कलंडली. स्वातंत्र्य महिन्यावर आलं होतं. सहाशेहून अधिक माणसं गेली. भर पावसाळ्यातला खवळलेला समुद्र, भरलेली बोट, आणि मदत मागायला बोटीवर बिनतारी यंत्रणा नाही. रेवसच्या बाजूला घरची माणसं वाट बघत होती आणि मुंबईला बातमी कळायला कित्येक तास गेले.

नाव तर किती पवित्र होतं! मग असं का व्हावं, हा प्रश्न तेव्हा अनेक घरांत विचारला गेला असणार. मला वाटतं, दोष नावाचा नव्हता आणि संतांचा तर नव्हताच. नाव म्हणजे ताईत नव्हे. बोटीला नाव दिलं की आपलं काम संपत नाही, तिथून सुरू होतं. 'रामदास' लिहिलेल्या बोटीत बसणारा माणूस विश्वासाने बसतो. त्या विश्वासाला जागायचं तर किती माणसं घ्यायची, कोणत्या हवेत बोट सोडायची, संकटात हाक कशी पोचवायची, हे बघावं लागतं. म्हणूनच आपण 'नावाला जागणं' म्हणतो.

आपल्या समाजातलं उदाहरणही बघा. सोलापूरचे वालचंद हिराचंद हे आपल्यातलेच, दिगंबर जैन घरातले. त्यांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी सिंधिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी काढली. त्यांचं पहिलं जहाज ग्वाल्हेरच्या महाराजांकडून घेतलेलं होतं. ते मुळात 'एम्प्रेस ऑफ इंडिया' नावाचं. पहिल्या महायुद्धात महाराजांनी ते रुग्णालय-जहाज म्हणून दिलं आणि त्याला 'लॉयल्टी' नाव मिळालं. ही निष्ठा अर्थातच ब्रिटिश राजाशी होती. पण ५ एप्रिल १९१९ ला तेच जहाज भारतीय कंपनीचं म्हणून मुंबईहून लंडनला निघालं आणि परक्यांच्या मक्तेदारीला आव्हान ठरलं. आज ५ एप्रिल हा राष्ट्रीय सागरी दिन आहे. अक्षर एकही बदललं नाही, पण 'निष्ठा' कोणाशी हे बदलून गेलं. पुढे विशाखापट्टणमला त्यांच्याच कारखान्यात बांधलेलं जहाज १४ मार्च १९४८ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते पाण्यात उतरलं. त्याचं नाव 'जल-उषा'. नव्या देशाची पहाट पाण्यावर उतरली, हे सांगायला आणखी काही लागतच नाही.

मी कॉमर्सची, म्हणून मला इथे 'गुडविल' आठवतं. दुकानाच्या पाटीला किंमत असते, पण ती पाटी रंगवणाऱ्याने दिलेली नसते. वर्षानुवर्षं चोख माप दिलं की ती साठते.

नातीच्या गोष्टीसारखं कल्पनेतलं यानही या हिशोबातून सुटलेलं नाही. अमेरिकेत 'स्टार ट्रेक' या मालिकेत 'एंटरप्राइझ' नावाचं यान होतं. नासाच्या पहिल्या स्पेस शटलचं नाव आधी 'कॉन्स्टिट्यूशन' ठरलं होतं. प्रेक्षकांनी पत्रांचा पाऊस पाडला आणि १९७६ मध्ये ते 'एंटरप्राइझ' झालं. कथेतलं नाव खऱ्या यानाला मिळालं! गंमत अशी, की हे यान चाचणीसाठीच बांधलेलं. ते हवेत उडालं, उतरलं, पण अंतराळात कधी गेलंच नाही.

इथे मला पाठशाळेत शिकलेले चार निक्षेप आठवतात: नाम, स्थापना, द्रव्य आणि भाव. मुलाचं नाव इंद्र ठेवलं म्हणून तो इंद्र होत नाही, तो झाला नाम निक्षेप. मूर्तीत किंवा चित्रात आपण त्याला मानतो, ती स्थापना. पूर्वी होता किंवा पुढे होणार आहे, ते द्रव्य. आणि ज्याच्यात तो गुण आत्ता खरोखर आहे, तो भाव. महावीरस्वामींचंच पाहा. गर्भात आले तेव्हापासून घरात वृद्धी झाली म्हणून आईवडिलांनी 'वर्धमान' नाव ठेवलं. 'महावीर' हे नाव मात्र पराक्रमाने आणि सहनशीलतेने मिळालं. एक नाव ठेवलेलं, दुसरं कमावलेलं.

म्हणून गोष्टीतल्या यानाला नाव ठेवणाऱ्या मुलांना मी तीनच प्रश्न विचारेन. हे नाव कोणाची आठवण पुढे नेतं? यानात बसलेल्यांइतकंच मागे वाट बघणाऱ्यांनाही ते आपलं वाटेल का? आणि त्या नावाला जागायला यानातल्या माणसांना रोज काय करावं लागेल? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर सापडलं की अर्धी गोष्ट लिहून झाली म्हणा.

आणि नाव एकदा ठेवलं की अपयशाने ते टाकून देऊ नये. चांद्रयान-२ च्या लँडरला विक्रम साराभाईंचं नाव होतं. अहमदाबादच्या जैन घराण्यातले, आपल्या अंतराळ कार्यक्रमाचा पाया घालणारे विक्रमभाई. ७ सप्टेंबर २०१९ रोजी तो 'विक्रम' चंद्रावर नीट उतरू शकला नाही, आणि देशभरातली माणसं रात्री टीव्हीसमोर हळहळली. हे नाव लाभत नाही, दुसरं ठेवू, असं कोणी म्हटलं असतं तर नवल नव्हतं. पण शास्त्रज्ञांनी चुका शोधल्या, रचना सुधारली आणि नाव तेच ठेवलं. २३ ऑगस्ट २०२३ च्या संध्याकाळी चांद्रयान-३ चा 'विक्रम' चंद्राच्या दक्षिण ध्रुवाच्या बाजूला अलगद उतरला.

तुमच्या माहेरी-सासरी एखादी होडी, गाडी, दुकान किंवा घर असेल, ज्याचं नाव कोणीतरी विचार करून ठेवलं होतं, तर ते का ठेवलं हे घरातल्या मोठ्यांना आजच विचारून घ्या. पाटी राहते, पण तिच्यामागचं कारण सांगणारी माणसं नेहमी नसतात.