भूवैज्ञानिक स्त्रिया : मुंबईतील लोकप्रतिमा

खडक, खनिजे, जीवाश्म व भूपृष्ठाची घडण यांचा शास्त्रीय अभ्यास करणाऱ्या स्त्रियांविषयी समाजात जी कल्पना रूढ होती व ती जशी पालटत गेली, तिचा विचार येथे मुख्यतः दक्षिण व मध्य मुंबईच्या संदर्भात केला आहे. या शहराने वैज्ञानिक स्त्रीचा स्वीकार तुलनेने लवकर केला. तथापि ती प्रयोगशाळेतील स्त्री होती. हातोडी व होकायंत्र घेऊन डोंगरदऱ्यांतून हिंडणारी स्त्री लोकांच्या कल्पनेत बसण्यास आणखी काही दशके जावी लागली.

वस्तुतः दगडावर घाव घालणारी स्त्री मुंबईकरांना अपरिचित नव्हती. हे शहर दक्षिण ट्रॅपच्या पश्चिम टोकावर वसलेले असून त्याच्या तळाशी बेसाल्ट, ज्वालामुखी राखेपासून बनलेला टफ, ब्रेक्सिया व त्यांच्या दरम्यानचे गाळाचे आंतरट्रॅपी थर आढळतात. मलबार हिल ते वरळी या टेकड्यांच्या रांगेत माथ्यावर कठीण बेसाल्ट व त्याखाली हे मृदू थर आहेत. वरळीच्या थरांत सापडलेल्या चिमुकल्या बेडकांच्या जीवाश्मांचे वर्णन रिचर्ड ओएन यांनी १८४७ मध्ये केले. ही जाती आज इंडोबॅट्रॅकस पुसिलस या नावाने ओळखली जाते. याच खडकाची खडी फोडून शहराचे रस्ते झाले आणि खाणींत व रस्त्यांच्या कामांवर खडी फोडणाऱ्यांत वडार समाजातील स्त्रियाही असत. भर उन्हात, मूल जवळ निजवून काम करणाऱ्या या स्त्रीच्या हातातील हातोडी दारिद्र्याची खूण मानली गेली. शिकलेल्या मुलीने पुन्हा तीच हातोडी हाती घ्यावी, हे मध्यमवर्गाला रुचणे कठीण होते ते काही अंशी यामुळेच असावे.

मुंबई विद्यापीठाने १८८३ मध्ये आपल्या परीक्षा स्त्रियांना खुल्या केल्या. पुढे अर्ध्या शतकाने, १९३३ मध्ये, याच विद्यापीठाची पदवी घेतलेल्या कमला भागवत (नंतरच्या कमला सोहोनी) बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेत गेल्या. तेथे सी. व्ही. रामन यांनी स्त्री म्हणून त्यांना प्रथम प्रवेश नाकारला व नंतर अटींवर दिला. कालांतराने त्या मुंबईच्या विज्ञान संस्थेच्या संचालिका झाल्या. परळच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात कमल रणदिवे यांनी ऊतिसंवर्धनाचे काम उभे केले. १९७३ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या भारतीय महिला वैज्ञानिक संघटनेच्या त्या संस्थापकांपैकी होत. पांढरा अंगरखा घातलेली, सूक्ष्मदर्शकावर वाकलेली स्त्री अशी ही प्रतिमा होती. ती आदरास पात्र ठरली, कारण सायंकाळी ती घरी परतत असे. कमला सोहोनी यांच्या भगिनी दुर्गा भागवत यांनी मात्र संशोधनासाठी मध्य प्रदेशातील आदिवासी भागांत भ्रमंती केली. एकाच घरात ज्ञानाच्या या दोन्ही वाटा होत्या, ही गोष्ट लक्षणीय आहे.

भूविज्ञानाची वाट दुसरी. धोबी तलावानजीकच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात या विषयाचे अध्यापन प्रदीर्घ काळ चालत आले असून आर. एन. सुखेश्वाला यांच्यासारखे प्राध्यापक तेथे होऊन गेले. गिरगावातून तेथे पायी जाता येते. परंतु क्षेत्रीय अभ्यास महाविद्यालयात होत नाही. त्यासाठी दिवसचे दिवस शिबिरात राहणे, अनोळखी मुलखात पायपीट करणे व पुरुष सहकाऱ्यांबरोबर मुक्काम करणे आवश्यक असते. आक्षेप घेतला जाई तो स्त्रीच्या बुद्धीवर नव्हे, तर या मुक्कामावर. पाश्चात्त्य देशांतही स्थिती फार वेगळी नव्हती. लंडनच्या भूवैज्ञानिक संस्थेने स्त्रियांना सदस्यत्व दिले ते १९१९ मध्ये. अटलांटिकच्या तळाचा नकाशा रेखाटणाऱ्या अमेरिकेतील मारी थार्प यांना संशोधन जहाजावर बरीच वर्षे प्रवेश नव्हता. इतरांनी आणलेल्या मोजमापांवरून त्यांनी तो मेजावर तयार केला.

कायद्यानेही या कल्पनेस दुजोरा दिला. १९५२ च्या खाण अधिनियमाने स्त्रियांना भूमिगत कामास मनाई केली व भूपृष्ठावरील काम सकाळी ६ ते सायंकाळी ७ एवढ्यापुरते मर्यादित ठेवले. हेतू संरक्षणाचा होता. तरीही दुसऱ्या महायुद्धात कोळशाची निकड भासताच भूमिगत कामावरील पूर्वीची बंदी १९४३ मध्ये उठविण्यात आली व १९४६ मध्ये पुन्हा लादण्यात आली, हे विसरता येत नाही. मजूर म्हणून जी स्त्री खाणीत चालत होती, ती तज्ज्ञ म्हणून चालत नव्हती. नागपूरकडील चंद्राणी प्रसाद वर्मा यांना खनिकर्म अभियांत्रिकीच्या पदवी-अभ्यासक्रमास प्रवेश मिळविण्यासाठी मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाकडे जावे लागले. १९९९ मध्ये त्या पदवीधर झाल्या.

लोकप्रतिमेला खरे वळण मिळाले ते १९८३–८४ मधील तिसऱ्या भारतीय अंटार्क्टिका मोहिमेने. याच मोहिमेत ‘दक्षिण गंगोत्री’ हे स्थानक उभारले गेले. भूवैज्ञानिक सुदीप्ता सेनगुप्ता व सागरवैज्ञानिक अदिती पंत या भारतीय अंटार्क्टिका मोहिमेत सहभागी झालेल्या पहिल्या स्त्रिया होत. सेनगुप्ता कोलकात्याच्या, गिर्यारोहणाचे शिक्षण घेतलेल्या. त्यांनी शिर्माखर टेकड्यांतील खडकांचा अभ्यास केला. अदिती पंत नागपुरात जन्मलेल्या, पुणे विद्यापीठाच्या पदवीधर व गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत कार्यरत होत्या. त्यांच्यामुळे हा विषय मराठी घरांत आपुलकीने पोहोचू शकला. मात्र ‘पहिली स्त्री’ या बिरुदाखाली त्यांचे संशोधन झाकले गेले. धाडस लक्षात राहिले, खडक राहिले नाहीत. सेनगुप्ता यांना १९९१ चे शांतिस्वरूप भटनागर पारितोषिक मिळाले ते मात्र संशोधनासाठी.

मुंबईच्या पोटातील खडक अलीकडे सामान्य वाचकाच्या परिचयाचा झाला तो कुलाबा–वांद्रे–सीप्झ या भुयारी मेट्रोमुळे. गिरगाव, वरळी, दादर या भागांखालून बेसाल्ट व ब्रेक्सिया भेदत बोगदे गेले व २०२५ मध्ये ही मार्गिका पूर्णतः सुरू झाली. या कामाच्या काळात महामंडळाच्या व्यवस्थापकीय संचालक राहिलेल्या अश्विनी भिडे या प्रशासकीय अधिकारी, भूवैज्ञानिक नव्हेत. तरी शिरस्त्राण घालून बोगद्यात उभी असलेली स्त्री वृत्तपत्रांतून लोकांसमोर आली ती त्यांच्या रूपाने. खाणींबाबत २०१९ च्या अधिसूचनेने तांत्रिक, पर्यवेक्षकीय व व्यवस्थापकीय कामांसाठी, स्त्रीच्या लेखी संमतीने, भूमिगत प्रवेशास मुभा दिली आणि २०२१ मध्ये झारखंडमधील चुरी या भूमिगत कोळसा खाणीत आकांक्षा कुमारी या खनिकर्म अभियंत्या रुजू झाल्या. खडी फोडणाऱ्या मजूर स्त्रीला या सवलतीत स्थान नव्हते.