जहाजाच्या मोबदल्यात मिळालेला मुलूख

दर वर्षी जून महिन्यात नववीच्या वर्गाला मी दादरा व नगर हवेलीचा नकाशा काढायला सांगतो, आणि दर वर्षी निम्म्या मुलांचा तो चुकतो. चूक त्यांची नाही. मुळात मुलूखच असा आहे. दादरा हा तीन गावांचा तुकडा वेगळा, मध्ये गुजरातची पट्टी, मग नगर हवेली. आणि नगर हवेलीच्या पोटात पुन्हा मघवाल हे गुजरातचे गाव, भातात खडा राहावा तसे. सारे मिळून ४९१ चौरस किलोमीटर. जुन्या हिशेबाने बहात्तर गावे.

गेल्या वर्षी दुधनीकडच्या एका मुलाने विचारले, "सर, आपल्याकडे समुद्र नाही. मग धड्यात जहाज कुठून आलं?"

प्रश्न साधा होता, पण आमच्या जिल्ह्याचा भूगोल आणि त्याचे अर्थकारण दोन्ही त्यात आले.

आमली, सिल्वासा, नरोली हा पश्चिमेकडचा भाग सखल. भाताची खाचरे इकडे. खानवेल ओलांडले की रस्ता चढू लागतो आणि मांदोनी, सिंदोनीपर्यंत सह्याद्रीच्या पायथ्याच्या टेकड्या सोबत करतात. साग, खैर, सादडा, शिसव ही इथली झाडे. आजही सुमारे ४० टक्के क्षेत्र राखीव जंगलाखाली आहे. पाऊस दोन-अडीच हजार मिलिमीटर पडतो, पण उतारावरून तो तसाच निघून जातो. म्हणून डोंगरातला वारली, कोकणा शेतकरी राब भाजून नागली-वरई करतो आणि दिवाळी उलटली की मजुरीची वाट धरतो. दमणगंगा उगम पावते नाशिक जिल्ह्यातल्या दिंडोरी तालुक्यात, आंबेगावाजवळ. १३१ किलोमीटर वाहून ती दमणला समुद्राला मिळते. या नदीच्या वरच्या अंगाला आम्ही, खालच्या अंगाला दमण आणि वापी. एवढे ध्यानात ठेवले की पुढचा इतिहास समजायला अवघड जात नाही.

पोर्तुगीजांनी १५५९ मध्ये दमण घेतले. त्यानंतर पुष्कळ वर्षे किनारा डोंगराला पैसे देत होता, हे आज कोणाला खरे वाटणार नाही. डोंगरातल्या रामनगरच्या राजाने दमणच्या गावांना उपद्रव देऊ नये म्हणून पोर्तुगीज त्या गावांच्या वसुलाचा चौथा हिस्सा त्याला देत. चौथाईचे मूळ या प्रथेत असल्याचे सुरेंद्रनाथ सेन यांनी दाखवले आहे. ज्या शब्दाने पुढे अर्धा हिंदुस्थान हादरला, तो शब्द आमच्या या टेकड्यांतला! १६७२ मध्ये मोरोपंत पिंगळ्यांनी जव्हार आणि रामनगर घेतले, तेव्हा शिवाजी महाराजांनी रामनगरकरांचा हा हक्कही पोर्तुगीजांकडे मागितला.

मग शंभर वर्षांत हिशेब उलटा झाला. १७७२ मध्ये मराठ्यांच्या आरमाराने 'सांताना' नावाची पोर्तुगीज फ्रिगेट, म्हणजे लढाऊ जहाज, निकामी केली. पुण्याच्या दरबारामागे इंग्रजांशी युद्ध लागलेले. पोर्तुगीजांची मैत्री हवी होती. १७ डिसेंबर १७७९ च्या तहात पेशव्यांनी दमणला लागून १२,००० रुपये वसुलाची गावे देण्याचे कबूल केले, आणि १७८३ व १७८५ मध्ये ती हवाली केली. नुकसान समुद्रावर झाले, भरपाई डोंगराने दिली. त्या गावांतल्या एकाही माणसाने ते जहाज पाहिले नसेल.

पोर्तुगीजांना या रानात नुसता वसूल दिसत नव्हता. दमणला जहाजे बांधण्याचा धंदा होता आणि त्याला साग लागे. नगर हवेलीच्या सागातून दमणला बांधलेली 'दों फेर्नांदो दुसरा आणि ग्लोरिया' ही फ्रिगेट १८४३ मध्ये पाण्यात उतरली. पोर्तुगीज आरमारातली ती शेवटची शिडाची लढाऊ फ्रिगेट. १९६३ मध्ये ती जळाली, पुढे दुरुस्त करून १९९८ च्या लिस्बनच्या जागतिक प्रदर्शनात मांडली, आणि आता लिस्बनसमोर, तेजु नदीच्या पलीकडच्या काठावर, संग्रहालय म्हणून उभी आहे. त्या मुलाला मी एवढेच सांगितले, की जहाज आपल्याकडे आले नाही, आपल्याकडून गेले.

१९५४ च्या मुक्तिसंग्रामावर दिवाळी अंकांतून भरपूर लेखन झाले आहे. राजा वाकणकर, सुधीर फडके, बाबासाहेब पुरंदरे, पुण्याचा तो लता मंगेशकरांचा कार्यक्रम, २ ऑगस्टला मोकळे झालेले सिल्वासा हे सारे वाचकांना पाठ असेल. मला सांगायचे आहे ते जमिनीबद्दल. १९१९ च्या पोर्तुगीज कायद्याने सरकारी जमिनी 'अल्वारा' म्हणून कसण्याच्या अटीवर दिल्या जात. कसणारा आदिवासी बहुधा कुळ किंवा मजूरच राही. मुक्तीनंतर सात वर्षे वरिष्ठ पंचायतीने कारभार पाहिला, १९६१ मध्ये मुलूख भारतात विलीन झाला, आणि जमीन सुधारणेचा कायदा यायला १९७१ उजाडले. १९७४ मध्ये कलेक्टरने काही अल्वारे रद्द केले. तो वाद चालत चालत सर्वोच्च न्यायालयात २०२५ मध्ये संपला आणि ते रद्द करणे कायम राहिले. हेगच्या न्यायालयाने भारत आणि पोर्तुगाल यांचा खटला १९५५ ते १९६० एवढ्यात निकालात काढला होता. बांधावरच्या भांडणाला मात्र अर्धे शतक पुरले नाही.

कारखाने आले ते १९६५ पासून. पहिली सहकारी औद्योगिक वसाहत आमच्या आमलीला लागूनच, पिपरियाला. मग मसाट, खडोली. विक्रीकर आणि आयकराच्या सवलतींमुळे पॉलिस्टर धाग्याचा धंदा इथे असा फोफावला, की १९६१ मध्ये ५७,९६३ असलेली लोकसंख्या २०११ मध्ये ३,४३,७०९ झाली. वारली, कोकणा, धोडिया मंडळी आपल्याच मुलखात निम्म्यावर आली. हे सगळे वाईटच झाले असे मी म्हणणार नाही. माझ्या शाळेत शिकून गेलेली कितीतरी मुले या कारखान्यांवर घरे चालवतात, आणि नागलीच्या शेतावर ती चालली नसती हे मला ठाऊक आहे. पण साहेबाच्या खुर्चीत आमचा मुलगा क्वचितच दिसतो, आणि सवलती मुलखाला नव्हत्या, मालाला होत्या, हे विसरून चालत नाही. २०२० पासून तर आम्ही नकाशावरही दमणशी जोडले गेलो. मुख्यालय खाली, किनाऱ्यावर.

आणि मधुबन धरण. भिंत गुजरातेत आहे, फुगवटा बराचसा आमच्या डोंगरात. पाणी कालव्यांनी सखल भागाकडे, वापीच्या कारखान्यांकडे आणि दमणकडे जाते. दुधनीला आता पर्यटक होडीत बसून फोटो काढतात. काश्मीरसारखे दिसते म्हणतात. दिसतही असेल, मी काश्मीर पाहिलेले नाही.

जहाजाचा प्रश्न विचारणाऱ्या मुलाने या जूनमध्ये नकाशा बरोबर काढला. मघवालसुद्धा योग्य जागी होते. फक्त जलाशयाच्या निळ्या रंगात त्याने पेन्सिलीने एक फुली मारली होती. विचारले तर म्हणाला, "आजाचं शेत, सर. मे महिन्यात पाणी उतरलं की बांध दिसतात."

नकाशाला दहापैकी किती गुण द्यावेत याचा विचार करत वही मी दोन दिवस टेबलावर ठेवली होती. शेवटी फुली तशीच राहू दिली आणि नऊ दिले. एक गुण कापला तो दमणगंगेचे नाव ऱ्हस्व-दीर्घ चुकवल्याबद्दल.