क्रियाविशेषण अव्यय (मराठी)

क्रिया केव्हा, कुठे, कशी किंवा किती घडली हे सांगणारा अविकारी शब्द. दादोबा पांडुरंग तर्खडकर (१८३६) आणि मोरो केशव दामले (‘शास्त्रीय मराठी व्याकरण’, १९११) यांच्या ग्रंथांतून अशा शब्दांच्या शास्त्रीय विवेचनाची परंपरा घडली.

वाक्यात त्याची जागा बरीच मोकळी असते. उदाहरण घ्या: पुणे-सोलापूर महामार्गावरील यवत (ता. दौंड) हे संत तुकाराम महाराजांच्या पालखीच्या मुक्कामाचे गाव. ‘पालखी उद्या यवतला येईल’ आणि ‘उद्या पालखी यवतला येईल’ ही दोन्ही वाक्ये तिथे सहज बोलली जातात. बदलतो तो फक्त भर.

सर्वनामाजवळ मात्र जपावे लागते. ‘तो पुढे गेला’ यात ‘पुढे’ क्रियाविशेषण आहे; ‘तो त्याच्यापुढे गेला’ यात तेच शब्दयोगी अव्यय होते, म्हणून जोडून लिहितात. ‘च’ची जागाही अर्थ फिरवते: ‘मीच उद्या जाईन’ म्हणजे दुसरे कोणी नाही, ‘मी उद्याच जाईन’ म्हणजे परवा नाही.

काही क्रियाविशेषणे मात्र विकारी असतात, म्हणून ती अव्यये ठरत नाहीत: ‘तो चांगला गातो’, ‘ती चांगली गाते’.

इंग्रजीत क्रम अधिक बांधलेला असतो. ‘ऑल्वेज’ मुख्य क्रियापदाआधी येते (‘ही ऑल्वेज कम्स लेट’), पण ‘इज’नंतर बसते (‘ही इज ऑल्वेज लेट’).