ऱ्हाईनचा सॅमन : दोन देश, एक मासा

१/ एकोणिसाव्या शतकात ऱ्हाईन नदी सॅमन माशाचे माहेरघर होती. समुद्रातून आलेला मासा आधी नेदरलँड्समध्ये शिरे. अंडी घालण्यासाठी मात्र वर, जर्मनीतील उपनद्यांकडे जाई.

२/ मुखाशी डच कोळ्यांची प्रचंड जाळी वाफेच्या यंत्रांनी ओढली जात. साहजिकच पहिला हात डचांचा, तक्रार जर्मनांची.

३/ १८८५ मध्ये जर्मनी, नेदरलँड्स व स्वित्झर्लंड यांनी करार केला : आठवड्यातून एक दिवस जाळी बंद. त्याच वर्षी रॉटरडॅमजवळील क्रालिंगसेव्हेअरच्या बाजारात लाखाहून अधिक सॅमन आले.

४/ करार जाळ्यांना आवरणारा होता. धरणांना आणि कारखान्यांच्या सांडपाण्याला नव्हे. १९५० च्या दशकात ऱ्हाईनमधून सॅमन नाहीसा झाला. वाट्याचा वाद मिटला, कारण वाटण्यासारखे काही उरलेच नव्हते.