जकात नाका ते बारा आकडे

मुलुंडमध्ये रिक्षावाल्याला नुसतं "चेकनाका" म्हटलं की पुरतं. कसला चेक आणि कुठला नाका, असं तो विचारत नाही. जकात बंद होऊन काही वर्षं झाली, नाव मात्र तसंच चिकटून बसलंय. मी मुलुंडकर. त्यात आठवड्याचे पाच दिवस वेबवरचे फॉर्म आणि त्यामागचे डेटाबेस बनवून पोट भरतो. त्यामुळे या नाक्याकडे बघायची माझी नजर जरा वाकडी आहे. मला तिथे एक जुनी माहिती-प्रणाली दिसते.

तर मंडळी, आधी जकात म्हणजे काय ते बघू. शहराच्या हद्दीत वापरासाठी किंवा विक्रीसाठी येणाऱ्या मालावर महापालिका घेते तो कर. मुंबईत १९६५च्या नियमांनुसार ती वसूल व्हायची, आणि पालिकेच्या उत्पन्नाचा तो सगळ्यात मोठा झरा होता. वसुलीची ठिकाणं शहराच्या वेशीवर: दहिसर, मुलुंड, ऐरोली, मानखुर्द.

ट्रक नाक्यावर आला की थांबायचा. ड्रायव्हरकडचं इनव्हॉइस आणि बिल्टी घेऊन एजंट खिडकीवर जायचा. माल कोणता, किंमत किती, कुणाचा, कुठे चाललाय, हे तपासून आकडा ठरायचा. संशय आला तर ताडपत्री सोडून माल बघायचा. पैसे भरा, पावती घ्या, मग गाडी आत. माल मुंबईत न उतरता पुढे जाणार असेल तर त्याची वेगळी कागदपत्रं.

आता गंमत बघा. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात शुल्काध्यक्षाचं एक प्रकरण आहे. नगराच्या महाद्वाराजवळ शुल्कशाळा आणि तिचा ध्वज उभारायचा. तिथे बसलेल्या चार-पाच जणांनी लिहून घ्यायचं: व्यापारी कोण, कुठून आले, माल किती, आणि त्यावर ओळखीची मुद्रा पहिल्यांदा कुठे उमटवली. पाटलीपुत्र काय आणि मुलुंड काय, फॉर्ममधले रकाने जवळपास तेच! दोन हजार वर्षांत प्रश्न फारसे बदललेच नव्हते. उत्तरंही त्याच मार्गाने यायची, म्हणजे मालाबरोबर, त्याच गाडीतून. माहिती आणि माल एकत्रच वेशीवर पोचणार, म्हणून मालाला थांबणं भाग.

आमच्या भाषेत सांगायचं तर हा ब्लॉकिंग कॉल. उत्तर येईपर्यंत पुढची ओळ चालणार नाही. फरक इतकाच, की इथे अडकून पडायचा तो दहा टनांचा ट्रक, आणि त्याच्या केबिनमधला जिवंत माणूस.

या थांबण्याने भूगोलही घडवला. भिवंडीच्या आसपास ग्रामपंचायतींच्या हद्दीत गोदामं फोफावली. त्याची कारणं अनेक आहेत, पण मुंबईच्या जकातीबाहेर राहून माल साठवता येणं हे त्यातलं मोठं कारण. माल तिथे ठेवायचा आणि लागेल तेवढाच आत आणायचा.

राज्यातल्या इतर शहरांतली जकात आधीच टप्प्याटप्प्याने गेली होती. मुंबईने ती शेवटपर्यंत धरून ठेवली. मग २०१६च्या १०१व्या घटनादुरुस्तीने राज्यसूचीतली ५२वी नोंद, म्हणजे या कराचा घटनात्मक आधारच, काढून टाकला आणि १ जुलै २०१७ला जीएसटीबरोबर मुंबईची जकात संपली. भरपाईचा पहिला हप्ता म्हणून राज्य सरकारने पालिकेला सुमारे ६४७ कोटींचा धनादेश दिला. एका महिन्याचा! त्या खिडक्यांमधून किती पैसा जात होता याची कल्पना यावी.

नाका गेला, पण प्रश्न कुठे गेले? कर आता देशभराचा झाला आणि त्याच्या दिमतीला आलं ई-वे बिल. एनआयसीने बनवलेल्या संकेतस्थळावर, माल निघण्याआधीच, माल पाठवणारा किंवा घेणारा पहिला भाग भरतो: कुणाकडून कुणाला, काय, कितीचं. दुसऱ्या भागात गाडीचा नंबर. त्यातून निघतो बारा आकडी क्रमांक. म्हणजे माहिती मालाच्या पुढे धावते आणि गाडीने वेशीवर थांबायचं कारण उरत नाही. रस्त्यात पथकाने अडवलं तर क्रमांक दाखवायचा.

सुरुवात मात्र आपल्या धंद्याला शोभेल अशी झाली :) १ फेब्रुवारी २०१८ला प्रणाली सुरू झाली आणि पहिल्याच दिवशी भाराखाली कोलमडली. आंतरराज्य वाहतुकीसाठी ती पुन्हा उभी राहिली १ एप्रिलला, आणि महाराष्ट्रातल्या वाहतुकीसाठी २५ मेला.

इथपर्यंत वाचून "चला, तंत्रज्ञानाने प्रश्न सोडवला" असं वाटेल. रांगेचा सोडवला, हे खरंच. पण कायद्याचं कलम १२९ बघा. कागदपत्रांत खोट असेल तर माल आणि गाडी दोन्ही अडवता येतात. सुरुवातीच्या महिन्यांत टायपिंगच्या किरकोळ चुकांवरही गाड्या अडकल्या. शेवटी १४ सप्टेंबर २०१८ला केंद्राला परिपत्रक काढावं लागलं: नावाचं स्पेलिंग, पिनकोड किंवा गाडीच्या नंबरातला एखाद-दुसरा आकडा चुकला असेल तर या कलमाखाली कारवाई नको, केंद्र आणि राज्याचा पाचशे-पाचशे दंड घ्या आणि सोडा.

मला हे परिपत्रक या सगळ्या इतिहासातलं सगळ्यात महत्त्वाचं पान वाटतं. नाक्यावर चूक निघाली तर ती निदान समोरासमोर निघायची, एजंट तिथेच हुज्जत घालायचा. आता चूक होते भिवंडीतल्या एसी ऑफिसात, कीबोर्डवर. ती भोगतो हायवेवरचा ड्रायव्हर. तो फॉर्म त्याने भरलेला नसतो, बऱ्याचदा पाहिलेलाही नसतो. माहिती मालापासून सुटी झाली, पण तिची शिक्षा मालाबरोबरच प्रवास करत राहिली.

आपण फॉर्म बनवणारी माणसं "युजर" म्हणतो तेव्हा डोळ्यांसमोर टाइप करणारा असतो. ट्रकवाला आपल्या प्रणालीत लॉगिनसुद्धा करत नाही. पण गाडीच्या नंबराच्या रकान्यात पडताळणी नीट ठेवली, चूक वाटेत असतानाच दुरुस्त करायची सोय दिली, तर त्याची एक रात्र वाचते. परिपत्रक निघायच्या आधी ज्यांच्या रात्री गेल्या, त्यांचा हिशोब कुठल्याच टेबलात नाही.